ओळखीचा प्रश्न : अँटिव्हायरस-प्रणालींच्या विकासाचा इतिहास

१. विषयप्रवेश

एखादी आज्ञावली हितकर आहे की घातक, हे ती चालविण्यापूर्वी कसे ओळखावे, हा प्रश्न संगणकाच्या पहिल्या तीन दशकांत फारसा कोणास पडला नव्हता. यंत्रे थोडी होती; ती विद्यापीठांच्या, शासकीय संस्थांच्या व मोठ्या उद्योगसंस्थांच्या ताब्यात होती; आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्यांचे कर्ते बहुधा परस्परांच्या परिचयाचे असत. १९८० नंतर संगणक घरांत व कचेऱ्यांत पोहोचला, फ्लॉपी हातोहाती फिरू लागली, आणि अनोळखी माणसाने लिहिलेली आज्ञावली आपल्या यंत्रावर चालविणे हा नित्याचा व्यवहार होऊन बसला. अँटिव्हायरस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींचा जन्म ह्या व्यवहारातून झालेला आहे.

ह्या प्रणालींचा इतिहास सामान्यतः चढाओढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हल्लेखोराने नवी युक्ती काढावी, संरक्षकाने तिच्यावर उतारा शोधावा, पुन्हा नवी युक्ती निघावी, असे त्याचे स्वरूप असते. हे वर्णन खोटे नव्हे, परंतु ते अपुरे आहे. वस्तुतः हा ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास आहे. घातक आज्ञावली प्रथम तिच्या रूपावरून ओळखली जाई, नंतर तिच्या रचनेवरून आणि अखेरीस तिच्या वर्तनावरून. ह्यांपैकी प्रत्येक पायरी चढताना संरक्षक प्रणालीच्या हाती अधिकाधिक अधिकार सोपवावा लागला. ह्या स्थित्यंतराचा मागोवा घेणे आणि त्या अधिकाराचे मोल तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. संज्ञेचा पूर्वेतिहास

स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्राची सैद्धान्तिक शक्यता जॉन फॉन नॉयमान ह्यांनी १९४९ मधील आपल्या व्याख्यानांत मांडली होती. त्यांच्या पश्चात आर्थर बर्क्स ह्यांनी संपादित केलेला त्यावरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात अशी आज्ञावली आर्पानेट ह्या जाळ्यावर १९७१ मध्ये अवतरली. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या संस्थेतील बॉब टॉमस ह्यांनी लिहिलेली ‘क्रीपर’ ही आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाई आणि पकडता येत असेल तर पकडा, असे आव्हान पडद्यावर उमटवी. तिचा पाठलाग करून तिला नष्ट करण्यासाठी त्याच संस्थेतील रे टॉमलिन्सन ह्यांनी ‘रीपर’ नावाची आज्ञावली लिहिली. रीपर हा अँटिव्हायरसचा आद्य पूर्वज मानण्याची प्रथा आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हा पहिला संरक्षकही शत्रूप्रमाणेच यंत्रायंत्रांतून संचार करणारा होता. संरक्षक आणि आक्रमक ह्यांच्या साधनांतील हे साधर्म्य पुढेही सुटलेले नाही.

१९८२ मध्ये रिच स्क्रेन्टा ह्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने अॅपल-२ संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ ही आज्ञावली लिहिली. ती फ्लॉपीच्या आरंभखंडात दडून बसे आणि त्या फ्लॉपीवरून पन्नासाव्या वेळी यंत्र सुरू होताच पडद्यावर एक विनोदी कविता दाखवी. प्रयोगशाळेबाहेर मोकाट पसरलेल्या आज्ञावल्यांत हिची गणना अगदी आरंभी होते. तथापि तिला व्हायरस म्हणावे असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नव्हते.

ही संज्ञा शास्त्रीय व्यवहारात रूढ झाली ती फ्रेड कोहेन ह्यांच्या संशोधनामुळे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ च्या नोव्हेंबरात त्यांनी प्रयोग केले, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन ह्यांनी हे नाव सुचविले. जीवशास्त्रातून आलेल्या ह्या रूपकाने पुढील सर्व परिभाषा आपल्याबरोबर ओढून आणली. संसर्ग, वाहक, साथ, निर्जंतुकीकरण हे शब्द संगणकाच्या संदर्भात सहज बोलले जाऊ लागले. कोरियन भाषेत तर अँटिव्हायरसला आजही ‘लस’ ह्याच अर्थाचा शब्द चालतो. कारण तेथील पहिली प्रसिद्ध प्रणाली १९८८ मध्ये आन चोल-सू ह्या वैद्यकाच्या अभ्यासकाने लिहिली आणि तिला तेच नाव दिले. लॅटिन ‘वीरुस’ आणि संस्कृत ‘विष’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून निघालेले सगोत्र शब्द आहेत. ह्या दृष्टीने पाहता ‘विषाणू’ हा मराठी पर्याय केवळ अर्थानेच नव्हे, तर व्युत्पत्तीनेही समर्पक ठरतो. तरीही बोलण्यात रोगाचा तो विषाणू आणि संगणकाचा तो व्हायरस अशी वाटणी बरीचशी रूढ झाली असल्याने प्रस्तुत निबंधात तीच पाळली आहे.

३. कोहेन ह्यांचा सिद्धान्त

कोहेन ह्यांचे कार्य दोन अंगांचे आहे. पहिले अंग प्रयोगाचे. युनिक्स प्रणाली चालविणाऱ्या एका व्हॅक्स संगणकावर त्यांनी सर्वांच्या उपयोगाच्या एका आज्ञावलीत आपला व्हायरस घातला. पाचही प्रयत्नांत संपूर्ण यंत्राचे अधिकार एका तासाच्या आत आक्रमकाच्या हाती आले. सर्वांत जलद प्रयत्नास पाच मिनिटेही लागली नाहीत. परिणाम पाहून व्यवस्थापकांनी पुढील प्रयोगांस मनाई केली.

दुसरे अंग सिद्धान्ताचे, आणि तेच अधिक महत्त्वाचे. कोणतीही आज्ञावली पाहून ती व्हायरस आहे की नाही हे बिनचूक सांगणारी परीक्षक आज्ञावली असू शकेल काय, असा प्रश्न कोहेन ह्यांनी विचारला आणि ‘नाही’ असे त्याचे सप्रमाण उत्तर दिले. युक्तिवाद थोडक्यात असा. असा परीक्षक अस्तित्वात आहे असे गृहीत धरू. आता एक आज्ञावली अशी रचावी की, ती प्रथम त्या परीक्षकास स्वतःविषयीच विचारील. ‘ही व्हायरस आहे’ असे उत्तर आल्यास ती निरुपद्रवीपणे थांबेल. ‘ही व्हायरस नाही’ असे उत्तर आल्यास ती पसरू लागेल. परीक्षकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते. म्हणून असा परीक्षक असूच शकत नाही. ‘मी खोटे बोलत आहे’ ह्या प्राचीन ग्रीक कूटवाक्याचा आणि अॅलन ट्यूरिंग ह्यांच्या १९३६ च्या सिद्धान्ताचा हा वंशज आहे, हे तर्कशास्त्राच्या अभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल.

ह्या सिद्धान्ताचा अर्थ अँटिव्हायरस निरुपयोगी आहे, असा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, प्रत्येक अँटिव्हायरस दोन प्रकारच्या चुकांच्या मध्ये उभा असतो: घातकाला निर्दोष ठरविण्याची चूक आणि निर्दोषाला घातक ठरविण्याची चूक. सर्व आज्ञावल्यांच्या बाबतीत ह्या दोन्ही चुका एकाच वेळी टाळणे अशक्य आहे. हा उद्योग जन्माला येण्यापूर्वीच त्याची मर्यादा सिद्ध झालेली होती, ही ह्या इतिहासातील एक विलक्षण घटना होय.

४. रूपावरून ओळख

१९८६ मध्ये लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी ह्या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम जातीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस. त्यात कर्त्यांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहिलेला होता. परंतु तो आपले स्थान लपविण्यात कुशल होता. संगणकाच्या स्मृतीत बसलेला ब्रेन फ्लॉपीचा आरंभखंड वाचण्याची आज्ञा मध्येच अडवी आणि बिघडलेल्या खंडाऐवजी मूळचा निर्दोष खंड वाचकापुढे ठेवी. रोगी यंत्राकडूनच त्या यंत्राच्या प्रकृतीची साक्ष घेता येत नाही, हा धडा संरक्षकांना येथे मिळाला. तपासणीपूर्वी स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे, हा नियम त्यातून निघाला.

१९८७ मध्ये बेर्न्ड फिक्स ह्या जर्मन संगणकतज्ज्ञाने ‘व्हिएन्ना’ ह्या व्हायरसचा नायनाट करणारी आज्ञावली लिहिली. मोकाट व्हायरस काढून टाकल्याचे हे पहिले नोंदलेले उदाहरण होय. त्याच वर्षी जर्मनीत अटारी संगणकासाठी जी डेटाची, चेकोस्लोव्हाकियात ‘नॉड’ ह्या नावाची आणि अमेरिकेत जॉन मॅकॅफी ह्यांची प्रणाली निर्माण झाली. लवकरच इंग्लंडात अॅलन सॉलोमन, आइसलंडात फ्रिड्रिक स्कुलासन आणि मॉस्कोत युजीन कॅस्परस्की हेही त्या कामास लागले. ह्या विद्येचा उगम एका देशात झालेला नाही. जेथे जेथे फ्लॉपी पोहोचली तेथे तेथे कोणी तरी जाणकार आपल्या गरजेपोटी उतारा शोधू लागला.

ह्या सर्व प्रणालींची मूळ पद्धत एकच होती. व्हायरसच्या शरीरातून बाइटांची एक लहानशी माला निवडावयाची. ती त्या व्हायरसमध्ये नेहमी आढळणारी आणि निरपराध आज्ञावल्यांत सहसा न आढळणारी असली पाहिजे. नंतर प्रत्येक फाइलीत ती माला शोधावयाची. इंग्रजीत हिला ‘सिग्नेचर’ म्हणजे स्वाक्षरी म्हणतात; पण हा शब्द काहीसा फसवा आहे. स्वाक्षरी ही करणाऱ्याने स्वेच्छेने केलेली असते. ही खूण मात्र पोलिसांनी घेतलेल्या अंगठ्याच्या ठशासारखी, दुसऱ्याने टिपलेली असते. तिला ओळखखूण म्हणणे अधिक योग्य होईल.

ह्या पद्धतीचे सामर्थ्य तिच्या वेगात व निश्चितपणात आहे. तिचे वैगुण्यही उघड आहे. ओळखखूण टिपण्यापूर्वी व्हायरस कोणाच्या तरी यंत्रावर सापडावा लागतो. अर्थात् पहिल्या बळीला तिचा उपयोग नाही. शिवाय खुणांचा संग्रह सतत अद्ययावत ठेवावा लागतो. आरंभी तो फ्लॉपीवरून टपालाने काही महिन्यांच्या अंतराने पाठविला जाई. पुढे तो दिवसातून अनेक वेळा जाळ्यावरून येऊ लागला. एकदा विकत घेतलेली वस्तू हे अँटिव्हायरसचे स्वरूप पालटून तो वार्षिक वर्गणी भरून घ्यावयाची सेवा बनला, त्याचे मूळ ह्या तांत्रिक गरजेत आहे.

५. नामकरणाचा प्रश्न

संग्रह वाढू लागताच नावांचा गोंधळ माजला. कोणी व्हायरसला तो सापडला त्या गावाचे नाव देई, कोणी तो प्रकट होतो त्या तिथीचे. हिब्रू विद्यापीठात १९८७ मध्ये आढळलेला व्हायरस ‘जेरुसलेम’ म्हणून ओळखला गेला, तर तेरा तारखेच्या शुक्रवारी उपद्रव करणारा म्हणून त्याला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ असेही म्हणत. ह्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये कॅरो ह्या संशोधकसंस्थेच्या वतीने स्कुलासन, सॉलोमन आणि बल्गेरियन संशोधक वेसेलिन बोन्चेव्ह ह्यांनी नामकरणाचे नियम सिद्ध केले. वनस्पतिशास्त्रातल्याप्रमाणे आधी कुल, मग गट, मग उपप्रकार असा क्रम त्यांत होता. जिवंत व्यक्ती, कंपनी वा स्थळ ह्यांची नावे टाळावीत, असा दंडकही होता.

नियम चांगले होते, परंतु ते फार काळ पाळले गेले नाहीत. नवा व्हायरस पसरताच प्रत्येक कंपनीला काही तासांत आपापल्या ग्राहकांस सूचना द्यावी लागे. एकमत होण्यास सवड नसे. २००३ मधील एकाच वर्मला ‘ब्लास्टर’, ‘लव्हसॅन’ आणि ‘एमएसब्लास्ट’ अशी तीन नावे मिळाली. एका घटनेस एकच क्रमांक देण्याचा मायटर ह्या संस्थेचा २००५ मधील प्रयत्नही टिकला नाही. नाव हे येथे केवळ लेबल नव्हते. दोन प्रणालींनी सांगितलेले दोन रोग एकच आहेत की भिन्न, हे न कळल्यास उपाय कोणता करावयाचा हेही कळत नाही.

६. रचनेवरून ओळख

ओळखखुणेवर आधारलेल्या पद्धतीस पहिला मोठा धक्का व्हायरसच्या रूपांतरक्षमतेने दिला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘कॅस्केड’ हा पडद्यावरील अक्षरे गळून खाली पाडणारा व्हायरस आपले शरीर गूढलेखनाने झाकून ठेवी; परंतु ते उलगडणारा छोटा भाग मात्र प्रत्येक प्रतीत सारखाच राही आणि त्यावरून तो पकडला जाई. १९९० मध्ये मार्क वॉशबर्न ह्या अमेरिकन संशोधकाने हा उलगडणारा भागही प्रत्येक प्रतीत बदलता येतो, हे दाखवून दिले. पाठोपाठ बल्गेरियातील ‘डार्क अॅव्हेंजर’ ह्या टोपणनावाच्या लेखकाने कोणत्याही व्हायरसला जोडता येईल असे रूपांतराचे यंत्रच तयार केले. आता समान अक्षरमाला शोधणे व्यर्थ झाले. कारण तशी माला उरलीच नव्हती.

भाषेच्या अभ्यासातील एका सर्वपरिचित भेदाशी ह्याची तुलना करता येईल. एकच आशय असंख्य वाक्यांतून व्यक्त होऊ शकतो. म्हणून वाक्यांची यादी करून आशयाचा शोध लागत नाही, त्यासाठी वाक्यरचनेचे नियम समजून घ्यावे लागतात. संरक्षकांनी नेमका हाच मार्ग धरला. संशयित आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालविण्याऐवजी एका कल्पित यंत्रावर चालवावयाची, ती आपले शरीर आपण होऊन उलगडीपर्यंत वाट पाहावयाची आणि मग तपासणी करावयाची, ही युक्ती येत्या काही वर्षांत सर्वमान्य झाली. तिच्या जोडीस अनुमानाची पद्धत आली: अमुक प्रकारच्या आज्ञा अमुक क्रमाने आल्यास आज्ञावली संशयास्पद समजावी. ह्यामुळे पूर्वी न पाहिलेला व्हायरसही पकडता येऊ लागला. पण त्याबरोबरच निरपराधाला दोषी ठरविण्याचा संभवही वाढला. कोहेन ह्यांच्या सिद्धान्तातील दुसरी चूक येथून व्यवहारात जाणवू लागली.

ह्याच काळात अँटिव्हायरस हा मोठा व्यवसाय झाला. ६ मार्च १९९२ रोजी ‘मायकेलअँजेलो’ हा व्हायरस लक्षावधी यंत्रांतील माहिती पुसून टाकील, अशी भाकिते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात हानी काही हजार यंत्रांपुरती राहिली. भाकितांनी घबराट वाढविली आणि अँटिव्हायरसची विक्रीही वाढविली. रोगाचे ज्ञान आणि औषधाची विक्री एकाच्याच हाती असली म्हणजे भयाचे माप कोणी काढावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून ह्या क्षेत्रास चिकटलेला आहे.

७. जाळ्याचा वेग आणि कायद्याची गती

फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसला देशोदेशी पोहोचण्यास महिने लागत. जाळ्यावरून पसरणाऱ्या आज्ञावल्यांनी ही सवड हिरावून घेतली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस ह्याने सोडलेल्या वर्मने सुमारे सहा हजार यंत्रे ठप्प केल्याचा अंदाज त्या वेळी वर्तविण्यात आला; त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले आणीबाणी-निवारण पथक स्थापन झाले. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेले ‘आय लव्ह यू’ हे प्रेमपत्राच्या मिषाने येणारे ईमेल एका दिवसात जगभर पोहोचले. संशयिताचा शोध लागला, परंतु ह्या कृत्यास गुन्हा ठरविणारा कायदाच त्या देशात नसल्याने खटला उभा राहू शकला नाही. तसा कायदा तेथे पुढच्याच महिन्यात झाला. भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियमही त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अंमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणकीय व्हायरसची व्याख्या दिलेली आहे. यंत्राच्या कार्यावर अनिष्ट परिणाम करणारी अथवा दुसऱ्या संगणकीय साधनास स्वतःला जोडून घेणारी आज्ञा, असा तिचा रोख आहे. कोहेन ह्यांच्या व्याख्येत प्रतिकृती हे मर्म होते. कायद्याने हानीलाही तितकेच महत्त्व दिले.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ ह्या अवघ्या ३७६ बाइटांच्या वर्मने सुमारे दहा मिनिटांत जगातील बहुतेक सर्व दुबळी यंत्रे गाठली. तो फाइलीत राहतच नसे, केवळ स्मृतीत वसे. त्यामुळे फाइली तपासणारा अँटिव्हायरस त्याच्यापुढे निरुपाय होता. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मात्र सहा महिने आधीच उपलब्ध झालेली होती.

८. पुण्यातील उपक्रम

ह्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर ह्यांच्याकडे दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरसने बिघडलेल्यांचे प्रमाण मोठे असे. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी अशा यंत्रांसाठी सफाईच्या आज्ञावल्या लिहिल्या. १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी स्थापन झाली. २००७ मध्ये तिने आपल्या ‘क्विक हील’ ह्या प्रणालीचेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात आले. सोल येथे जे घडले तेच येथे घडले: सिद्धान्तातून नव्हे, तर बिघडलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या गरजेतून विद्या उभी राहिली.

९. वर्तनावरून ओळख आणि अधिकाराचे मोल

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत घातक आज्ञावल्यांची संख्या इतकी वाढली की, प्रत्येकीची खूण टिपणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. ह्यावर उपाय म्हणून आज्ञावली कशी दिसते ह्यापेक्षा ती काय करते, ह्याकडे लक्ष वळले. एखादी आज्ञावली भराभर फाइली गूढ करीत सुटली, तर तिचे रूप कसेही असो, ती खंडणीखोर समजून थांबविणे इष्ट. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांत नेमके हेच केले होते. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस मूळ प्रणालीतच अंतर्भूत केला.

वर्तनावर पहारा ठेवावयाचा तर पहारेकऱ्याला यंत्राच्या गाभ्यात, सर्वांत खोलच्या स्तरावर जागा द्यावी लागते. तेथे झालेली चूक सर्व यंत्रास भोवते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत संग्रहाने विंडोज एक्सपीतील एक आवश्यक फाइल व्हायरस समजून बाजूस काढली आणि असंख्य यंत्रे पुनःपुन्हा बंद पडू लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्यतनाने ह्याहून मोठा प्रसंग ओढवला. त्या रचनेत एकवीस माहितीघरांची अपेक्षा होती, पुरविलेली घरे मात्र वीसच होती. एकविसावे घर वाचू जाताच यंत्र कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे त्यात सापडली; विमानसेवा व रुग्णालये विस्कळीत झाली. त्या दिवशी कोणी हल्ला केलेला नव्हता.

१०. निष्कर्ष

ह्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, बिनचूक ओळख असंभव असल्याचे कोहेन ह्यांनी आरंभीच सिद्ध केले असून पुढील प्रत्येक पद्धती ही त्या असंभवाशी केलेली तडजोड आहे. दुसरी अशी की, रूपाकडून रचनेकडे आणि रचनेकडून वर्तनाकडे जाताना ओळख अधिक व्यापक झाली, पण तिच्यातील निश्चितपणा कमी झाला. तिसरी अशी की, ह्या व्यापकतेसाठी संरक्षकाच्या हाती दिलेला अधिकार आक्रमकाच्या इच्छित अधिकाराइतकाच मोठा झालेला आहे. म्हणून अँटिव्हायरसने किती व्हायरस पकडले, एवढ्यावरून त्याची परीक्षा पुरी होत नाही. तो चुकतो तेव्हा किती चुकतो, त्याची चूक किती लवकर मागे घेता येते आणि तिचा जाब कोण देतो, हेही विचारावे लागते. रीपर क्रीपरच्या मागे धावला, तेव्हा हे प्रश्न मोजक्या यंत्रांपुरते होते. आज ते समाजाच्या दैनंदिन व्यवहाराचे प्रश्न झाले आहेत.